कुलगुरूला ‘नाही’ म्हणणार कोण?

इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात २०२१च्या जानेवारीत एक आगळाच नेम सुरू झाला. रोज दुपारी प्राध्यापक अंगावर झगे चढवून हिरवळीवर जमत, रेक्टरच्या कचेरीकडे पाठ करून काही वेळ मुकाट उभे राहत आणि मग आपापल्या तासाला जात. ना घोषणा, ना भाषण. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी मेलिह बुलू या सत्ताधारी पक्षाशी जुना संबंध असलेल्या गृहस्थांना थेट रेक्टरच्या खुर्चीत बसवले होते, त्याचा हा निषेध. सहा महिन्यांनी, जुलैमध्ये, बुलू गेले. पण पाठ फिरवणाऱ्यांमुळे ते गेले असे म्हणायला जागा नाही. ज्या हुकमाने आले त्याच धाटणीच्या हुकमाने गेले, आणि प्राध्यापकांनी आपसात घेतलेल्या मतदानात प्रचंड बहुमताने नाकारलेले नाजी इन्जी त्यांच्या जागी आले.

तुर्कस्तानात हे नेहमीच असे नव्हते. १९९२पासून प्राध्यापक मतदान करत, उच्चशिक्षण परिषद त्यातून तीन नावे निवडे आणि राष्ट्राध्यक्ष त्यांतल्या एकाची नेमणूक करत. २०१६च्या जुलैत बोआझिचीत गुलाय बार्बारोसोलू यांना ८६ टक्के मते पडली. त्याच महिन्यात लष्करी उठाव फसला, आणीबाणी आली, ऑक्टोबरमध्ये एका अध्यादेशाने रेक्टरच्या निवडणुकाच मोडीत निघाल्या. ८६ टक्केवाल्या बाई घरी बसल्या.

विद्यापीठाचा प्रमुख कोणी निवडावा, यावर जगभर खंडीभर लिहिले जाते. निवडणूक चांगली की नेमणूक, विद्वान हवा की व्यवस्थापक, घरचा बरा की बाहेरचा. या चर्चेत एक प्रश्न मात्र हटकून मागे पडतो. एकदा माणूस खुर्चीत बसला की त्याला अडवायची, गरज पडली तर उठवायची ताकद कोणाकडे असते? देशोदेशींची विद्यापीठे या बाजूने पाहिली तर नेहमीची वर्गवारी बरीच विस्कटते.

सुरुवातीच्या विद्यापीठांत या प्रश्नाचे उत्तर मोघम नव्हते. मध्ययुगीन बोलोन्यात विद्यार्थ्यांचा संघ हेच विद्यापीठ. रेक्टर विद्यार्थ्यांतून निवडला जाई, प्राध्यापकाला गावाबाहेर जायचे तर विद्यार्थ्यांची परवानगी लागे, तासाला उशीर झाला तर दंड. पॅरिसमध्ये नेमके उलटे, तिथे संघ अध्यापकांचा. पुढे युरोपाने पॅरिसचा कित्ता गिरवला आणि बोलोन्याची पद्धत मागे पडली. प्राध्यापकांना त्याचे दुःख झाले असेल असे वाटत नाही.

ऑक्सफर्ड हा पॅरिसचा थेट वारस. तिथले सर्वोच्च सभागृह म्हणजे ‘काँग्रिगेशन’. पाच हजारांहून अधिक सभासद, बहुतेक सगळे विद्यापीठातले अध्यापक, संशोधक आणि वरिष्ठ कर्मचारी. चॅन्सेलर शोभेचा. २०२४ मध्ये विल्यम हेग निवडून आले ती निवडणूक प्रथमच ऑनलाइन झाली आणि जगभरचे पदवीधर तीत मत देऊ शकले, पण त्या पदाला कारभाराचा अधिकार जवळजवळ नाही. कारभार व्हाइस चॅन्सेलरचा, आणि त्याच्या डोक्यावर काँग्रिगेशनची टांगती तलवार. पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डच्याच पदवीधर. १९८५ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी द्यायचा ठराव याच सभागृहाने ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला. शिक्षणाच्या अनुदानात कपात करणाऱ्या बाईंचा हार-तुऱ्यांनी सत्कार करायची प्राध्यापकांची तयारी नव्हती.

जॉन हूड यांचे प्रकरण याहून बोलके आहे. २००४ मध्ये ऑकलंडहून आलेले हूड हे ऑक्सफर्डच्या अध्यापकवर्गाबाहेरून निवडलेले पहिलेच व्हाइस चॅन्सेलर. उद्योगजगतात बरीच वर्षे काढलेला माणूस. कौन्सिल नावाच्या कार्यकारी मंडळात बाहेरच्या मंडळींचा वरचष्मा असावा, म्हणजे पैशांचा कारभार शिस्तीत येईल, असा त्यांचा प्रस्ताव. विद्यापीठांना अनुदान देणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही हेच हवे होते आणि इंग्लंडातल्या इतर बहुतेक विद्यापीठांत तसे होतेही. काँग्रिगेशनने नोव्हेंबर २००६ मध्ये प्रस्ताव पाडला. मग टपालाने मतदान झाले, त्यातही १,५४० विरुद्ध ९९७ असा पराभव. हूड यांनी मुदत पूर्ण केली आणि २००९ मध्ये ते गेले. ऑक्सफर्ड बुडाले नाही. विद्यापीठे कंपनीच्या शिस्तीत चालवल्याशिवाय जागतिक स्पर्धेत टिकणार नाहीत, असे उठता-बसता सांगणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला क्वचितच दिसतो.

बाकीच्या इंग्लंडाने दुसरी वाट धरली. १९८५च्या जॅरट अहवालाने व्हाइस चॅन्सेलरला मुख्य कार्यकारी अधिकारी ठरवले, आणि नाव बदलले की पगारही बदलतो. बाथ विद्यापीठाच्या व्हाइस चॅन्सेलर ग्लिनिस ब्रेकवेल यांचा पगार २०१७ मध्ये ४ लाख ६८ हजार पौंडांवर गेला तेव्हा संसदेपर्यंत ओरड झाली आणि त्यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. पगार ठरवणाऱ्या समितीवर स्वतः त्याही होत्या, ही त्यातली मेख.

अमेरिकेत मालकी विश्वस्त मंडळाची. हार्वर्डच्या कॉर्पोरेशनची सनद १६५०ची. प्रेसिडेंट नेमणे आणि काढणे हे तिच्या हाती. अध्यापकांची सिनेट असते, ती ठराव करते, पण कायद्याने निर्णय मंडळाचा. तरीही तिथे ‘शेअर्ड गव्हर्नन्स’ नावाचा एक अलिखित करार चालतो. अभ्यासक्रम आणि नेमणुका अध्यापकांनी पाहायच्या, पैसा आणि प्रेसिडेंट मंडळाने. हा करार मोडला की काय होते ते व्हर्जिनिया विद्यापीठात २०१२च्या जूनमध्ये दिसले.

हे थॉमस जेफरसन यांनी स्थापलेले विद्यापीठ. तिथे १९०४पर्यंत प्रेसिडेंट हे पदच नव्हते; अध्यापकांतलाच एक जण अध्यक्ष म्हणून कारभार पाही. वरच्या मंडळाचे सभासद राज्याचा गव्हर्नर नेमतो. त्या मंडळाच्या प्रमुख हेलन ड्रेगस, बांधकाम व्यवसायातल्या. ८ जूनला त्या आणि मंडळाचे उपप्रमुख असे दोघे प्रेसिडेंट टेरेसा सलिव्हन यांच्याकडे गेले आणि राजीनामा द्या, पुरेशी मते आमच्याकडे आहेत, असे सांगून आले. मंडळाची बैठक झालेली नव्हती. एकेका सभासदाला गाठून मते गोळा केली होती. रविवारी ई-मेलने सगळ्यांना कळवले. कारण विचारले तर उत्तरे मोघम. पुढे ड्रेगस यांचे ई-मेल बाहेर आले. स्टॅनफर्ड, हार्वर्ड, एमआयटी ऑनलाइन शिक्षणात झेप घेत आहेत आणि आपण मागे पडतोय, अशा लेखांची कात्रणे त्या आणि उपप्रमुख एकमेकांना पाठवत होते. वर्तमानपत्रातले लेख वाचून प्रेसिडेंट बदलायला निघालेले हे मंडळ.

सुट्टीचे दिवस असूनही हिरवळीवर हजारोंची गर्दी झाली. अध्यापक-सिनेटने मंडळावर अविश्वास दाखवला. देणगीदार पत्रे लिहू लागले. मंडळ १८ जूनला रात्रभर बसले आणि पहाटे अडीचच्या सुमारास हंगामी प्रेसिडेंट जाहीर करून उठले. त्याने आगीत तेलच पडले. शेवटी गव्हर्नरने बजावले, २६ तारखेपर्यंत निकाल लावा, नाहीतर सगळ्यांचे राजीनामे घेतो. २६ला त्याच मंडळाने एकमताने सलिव्हन यांना परत नेमले. कायद्याच्या पुस्तकात अध्यापकांना प्रेसिडेंट वाचवायचा काडीचाही अधिकार नव्हता.

याची दुसरी बाजू अलीकडेच पाहायला मिळाली. ५ डिसेंबर २०२३ला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आवारातल्या ज्यूद्वेषाविषयी साक्ष दिल्यावर चार दिवसांत पेनसिल्व्हेनियाच्या लिझ मॅगिल गेल्या आणि २ जानेवारीला हार्वर्डच्या क्लॉडीन गे. गे यांच्यावर उसनवारीच्या लेखनाचेही आरोप झाले होते. मात्र हार्वर्डचे सातशेवर अध्यापक त्यांच्या पाठीशी सही करून उभे होते. मोठे देणगीदार आणि राजकारणी विरोधात. म्हणजे अलिखित करार कोणाच्या बाजूने झुकेल याचा भरवसा नाही, हाच अलिखितपणाचा तोटा.

जर्मन माणसाला असे मोघम काही चालत नाही. १८१०च्या बर्लिन विद्यापीठाचे पहिले निवडून आलेले रेक्टर तत्त्वज्ञ फिख्टे. पुढे १८२९ मध्ये हेगेल. रेक्टरपद प्राध्यापकांत फिरते आणि थोड्या मुदतीचे, खरा कारभार एकेका ‘ऑर्डिनारियस’च्या, म्हणजे विभागाच्या अनभिषिक्त राजाच्या हाती. १९६८च्या विद्यार्थी चळवळीने ही राजेशाही मोडली आणि प्राध्यापक, साहाय्यक, विद्यार्थी, कर्मचारी असे गट मंडळांवर आले. प्राध्यापक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये घटना न्यायालयाने मापच घालून दिले: अध्यापनाच्या प्रश्नांत प्राध्यापकांची किमान निम्मी मते हवीत, संशोधनाच्या प्रश्नांत त्यांचे मत निर्णायक हवे. त्यानंतर तिथेही व्यवस्थापनाचे वारे शिरले, रेक्टरला अधिकार वाढले. तेव्हा २०१६ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या घटना न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. रेक्टरचे अधिकार वाढवायचे तर खुशाल वाढवा, पण प्राध्यापकांना त्याला पदावरून हटवता आले पाहिजे, नाहीतर कायदा घटनाबाह्य. या लेखात विचारलेल्या प्रश्नाला इतके नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्या न्यायालयाने दिलेले दिसत नाही.

शेजारच्या डेन्मार्कने २००३ मध्ये नेमके उलटे केले. निवडून येणारे रेक्टर बंद, बाहेरच्या सभासदांचे बहुमत असलेले मंडळ रेक्टर नेमणार. धर्म सारखा, समाजरचना मिळतीजुळती, सरहद्दीला सरहद्द लागलेली, तरी दोन टोके. तेव्हा विद्यापीठाच्या कारभाराचे मूळ ‘संस्कृती’त शोधणाऱ्यांना जरा थांबवायला हवे.

पूर्व आशियाबद्दल तर हे हमखास ऐकू येते. कन्फ्युशसची शिकवण, गुरूपुढे मान खाली, म्हणून वरून हुकूम, खालून होकार. जपानपुरते बोलायचे तर राष्ट्रीय विद्यापीठांत २००४पर्यंत प्राध्यापकच अध्यक्ष निवडत आणि ‘क्योजुकाई’ या अध्यापकसभेपुढे अध्यक्षाचे फारसे चालत नसे. २००४ मध्ये सरकारने या विद्यापीठांना स्वतंत्र निगम केले, निवड समितीत निम्मे बाहेरचे आणले, आणि २०१४ मध्ये कायदा बदलून अध्यापकसभेला सल्ल्यापुरते ठेवले. वरून येणारे हुकूम ही जपानी परंपरा नव्हे, ती एकविसाव्या शतकातली सरकारी सुधारणा आहे. जपानचे नाव निघाले की महाराष्ट्राला आठवावे असे एक उदाहरण आहे. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली आणि धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले. सरकारी सनद नव्हती, त्यामुळे कुलपतीपदावर गव्हर्नरही नव्हता. कुलपती म्हणून डॉ. भांडारकर आणि कुलगुरू म्हणून रँग्लर परांजपे यांना विद्यापीठाने आपणहून बसवले. सरकारची कायदेशीर मान्यता स्वातंत्र्यानंतर आली, आणि तिच्याबरोबर राज्यपालही आले.

कोरियात तर गुरूपुढे मान खाली घालणाऱ्या विद्यार्थिनींनी गुरूलाच घरी पाठवले. सोलचे इव्हा महिला विद्यापीठ, २०१६चा उन्हाळा. नोकरदार स्त्रियांसाठी एक नवे पदवी महाविद्यालय काढायचा घाट प्रशासनाने कोणाला न विचारता घातला. २८ जुलैला विद्यार्थिनींनी मुख्य इमारतीचा ताबा घेतला. दोन दिवसांनी दीड हजारांच्या आसपास पोलीस आत शिरले. मुली हात गुंफून बसल्या आणि एक गाजलेले पॉप गाणे म्हणू लागल्या. ती चित्रफीत देशभर फिरली. योजना मागे घेतली तरी ठिय्या उठला नाही. दरम्यान, राष्ट्राध्यक्षांच्या सखीच्या मुलीला याच विद्यापीठात वशिल्याने प्रवेश आणि गुण दिल्याचे उघड झाले. १९ ऑक्टोबरला अध्यक्ष चॉय क्युंग-ही यांनी राजीनामा दिला, आणि त्याच प्रकरणाचा धागा ओढत ओढत पुढच्या मार्चपर्यंत राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांचीही खुर्ची गेली. इव्हाने २०१७ मध्ये नवी अध्यक्ष थेट मतदानाने निवडली. मतांचे वजन ठरले ते असे: अध्यापक ७७.५ टक्के, कर्मचारी १२, विद्यार्थिनी ८.५, माजी विद्यार्थिनी २. साडेआठ टक्के म्हणजे काही फार नव्हे, पण त्याआधी शून्य होते. त्याच देशात, बुसानच्या राष्ट्रीय विद्यापीठात, अध्यक्षाची थेट निवडणूक रद्द करू नये म्हणून एका प्राध्यापकाने ऑगस्ट २०१५ मध्ये इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला. विद्यापीठाने निवडणूक कायम ठेवली.

चीनमध्ये प्रश्नच वेगळा. १९९८च्या उच्चशिक्षण कायद्यात स्वच्छ लिहिले आहे की अध्यक्ष काम पाहील ते पक्षसमितीच्या नेतृत्वाखाली. प्रत्येक विद्यापीठात पक्षाचा सचिव असतो आणि मोठ्या विद्यापीठांत दोघांचाही दर्जा उपमंत्र्याचा. लाइपत्सिगला शिकून आलेल्या त्साय युआनपेई यांनी १९१७ मध्ये पेकिंग विद्यापीठात अध्यापकांच्या हाती कारभार देऊन पाहिला होता, हा आता इतिहास. २०१९च्या अखेरीस शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या घटनेतून ‘विचारस्वातंत्र्य’ हे शब्द काढून पक्षनिष्ठेचे कलम घातले गेले, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी खाणावळीत जमून विद्यापीठगीत म्हटले. त्या गीतात ते शब्द अजून आहेत.

विद्यार्थ्यांना कारभारात खरा वाटा मिळाला तो लॅटिन अमेरिकेत. अर्जेंटिनातल्या कोर्दोबाचे विद्यापीठ जेझुइटांच्या काळापासून पाद्री आणि बड्या घराण्यांच्या मुठीत होते. जून १९१८ मध्ये रेक्टरची निवडणूक त्यांच्याच गोटात गेलेली पाहून विद्यार्थी सभागृहात घुसले. त्यांच्या जाहीरनाम्याने खंडभर वणवा पेटला. बुएनोस आयरिसमध्ये आजही प्राध्यापक, पदवीधर आणि विद्यार्थी यांच्या प्रतिनिधींची सभा रेक्टर निवडते. याची किंमतही आहे. देशातले पक्ष आवारात उतरतात आणि विद्यार्थी संघटना त्यांच्या शाखा होतात. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने म्हणूनच १९४५ मध्ये रेक्टर निवडायचे काम पंधरा जणांच्या मंडळाकडे दिले. तरी १९९९ मध्ये फीवाढीवरून सुरू झालेला संप नऊ महिन्यांहून अधिक चालला, रेक्टरला जावे लागले आणि शेवटी आवारात केंद्रीय पोलीस आले.

भारतात कुलगुरू नेमायचा झगडा कर्झनपासूनचा. १९०४च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटची संख्या आटोपशीर केली आणि बहुसंख्य सभासद कुलपतीच्या, म्हणजे गव्हर्नरच्या मर्जीने नेमायची सोय ठेवली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कौन्सिलात या विधेयकाला कडाडून विरोध केला. कार्यक्षमतेचे नाव पुढे करून विद्यापीठ सरकारी खाते होणार, हे त्यांना दिसत होते. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, गव्हर्नरची जागा राज्यपालांनी घेतली आणि कुलपतीपद आपसूक त्यांच्याकडे आले. केंद्र आणि राज्य एकाच पक्षाचे असेतो कोणी तक्रार केली नाही. अलीकडच्या काळात तमिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल या राज्यांत राज्यपाल आणि मुख्यमंत्री हमरीतुमरीवर आले. बंगालमधला घोळ इतका वाढला की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्याकडे शोध समित्यांचे काम सोपवले. महाराष्ट्रातही डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने विधेयक मंजूर करून दोन नावे सरकारने सुचवायची आणि शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हायचे असे ठरवले. सरकार बदलले आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. या भांडणात विद्यापीठाचे कोणीच नाही. राजभवन की मंत्रालय, एवढाच वाद.

महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्यात शोध समिती किमान पाच नावे काढते, कुलपती मुलाखती घेऊन एकाला पाच वर्षांसाठी नेमतात आणि चौकशीनंतर त्याला काढूही शकतात. अधिसभा, म्हणजे सिनेट, अर्थसंकल्पावर बोलते, प्रश्न विचारते, सभात्याग करते. कुलगुरूवर अविश्वासाचा ठराव करून त्याला हटवायची सोय तिच्याकडे नाही.

त्या अधिसभेचाही उपयोग किती, हे ती नसताना कळले. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अधिसभेची मुदत २०१५ मध्ये संपली. नव्या कायद्याखालची निवडणूक २०१८ मध्ये झाली. मधल्या रिकाम्या काळात, एप्रिल २०१७ मध्ये, कुलगुरू संजय देशमुख यांनी सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असे ठरवले. परीक्षा तोंडावर. उत्तरपत्रिका लाखोंच्या घरात. स्कॅन केलेली पाने हरवत होती, एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर चढत होती, तपासायला बसलेल्या प्राध्यापकांना लॉगिन मिळत नव्हते. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेली मुले कलिन्याच्या विद्यापीठ आवारात खेटे घालत राहिली. ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर पाठवले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी त्यांना बडतर्फ केले. विद्यापीठाच्या एकशे साठ वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडले. बडतर्फीचा अधिकार चोख वापरला गेला, फक्त निकाल लागायचे दिवस उलटून गेल्यावर. एप्रिलमध्येच ‘यंदा नको, आधी एका शाखेत करून पाहा’ असे सभागृहात उभे राहून म्हणणारे कोणी जागेवर नव्हते.

२०१६च्या त्याच कायद्याने महाराष्ट्रात १९९४पासून बंद असलेल्या विद्यार्थी परिषदांच्या खुल्या निवडणुकांना वाट करून दिली होती. २०१९ मध्ये त्यांचे वेळापत्रक ठरले; विधानसभेची निवडणूक आली म्हणून ते पुढे ढकलले गेले, आणि त्यानंतर करोना आला. मुंबईच्या अधिसभेच्या पदवीधर जागांची निवडणूकही २०२३ मध्ये ऐनवेळी थांबवली गेली आणि उच्च न्यायालयाच्या फेऱ्या होऊन सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली. दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या. कोर्दोबातल्यासारखे पक्ष इथेही आवारात आलेच आहेत. विद्यार्थ्यांचे मत तेवढे यायचे राहिले आहे.